शंभर टेस्टचं अ‍ॅनेक्सिन किट : चाळीस आमच्या चुकीत गेल्या, साठ कामी आल्या

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाही. पुरवठादाराचं तर नाहीच, त्यांच्याशी अजून रोजचा संबंध येतो. तसंही अ‍ॅनेक्सिन-एफआयटीसी आणि पीआयची, म्हणजे मरणाऱ्या पेशी रंगवून ओळखणारी, जी किटं बाजारात मिळतात ती सगळी एकाच माळेचे मणी आहेत. तीच दोन छोटी कुपी, तीच बफरची बाटली, तोच घडी घालून कोंबलेला कागद. त्यामुळे तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचं असलं तरी पुढचं बरंचसं लागू पडेल.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत सोळा वर्षं टेक्निकल असिस्टंट आहे. माझं काम पेशी वाढवायच्या, मोजायच्या, गोठवायच्या, आणि पोरांनी मारल्या की परत वाढवायच्या. या वेळी मात्र मारायचंच काम होतं. आमच्याकडच्या पीएचडीच्या मुलाला थ्रॉम्बोस्पॉन्डिन-1 हे प्रथिन रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींवर टाकून त्या मरतात का, किती मरतात आणि कशा मरतात हे बघायचं होतं. ‘कशा’ हा शब्द महत्त्वाचा. पेशी फुटून मरणं वेगळं आणि स्वतःचा गाशा गुंडाळून मरणं वेगळं. या दुसऱ्या मरणाला 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी अपॉप्टोसिस हे नाव दिलं. ग्रीक शब्द आहे, पानगळीवरून घेतलेला. तर ही पानगळ मोजायला किट घेतलं. तीन कोटेशनं, सरांची सही, अकाउंट्सची सही, मग पुन्हा सरांची सही, असं करत ऑर्डर गेली.

पार्सल आलं ते नेमकं अनंत चतुर्दशीला. पुण्यात त्या दिवशी कुरियरवाल्याने यावं ही अपेक्षाच चुकीची, पण तो आला, आणि गेटवरच्या वॉचमनकडे खोकं ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या हातात आलं. थर्माकोलच्या पेटीतल्या जेल पॅकला हात लावला तर उन्हात राहिलेल्या ताकाच्या पिशवीसारखा लागला. किटवर ठसठशीत लिहिलेलं, 2 ते 8 अंश. पुरवठादाराला फोन केला. ‘मॅडम, प्रॉडक्ट आठवडाभर रूम टेंपरेचरला स्टेबल असतं.’ म्हटलं, हे लिहून द्या. लिहून आलं नाही, बदलूनही आलं नाही. सणाच्या आदल्या दिवशी पुण्याला माल पाठवू नये एवढं तरी व्यापाऱ्याला कळायला हवं. पॅकिंग आणि पोचवणीला पाचपैकी एक तारा, तोही पेटी फुटली नाही म्हणून.

माल मात्र खराब झाला नव्हता. फ्रीजरमध्ये जुर्कट या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींची कुपी होती. ती वाढवली, स्टॉरोस्पोरिन हे पेशी हमखास मारणारं रसायन टाकून रीतसर मारली आणि किट लावलं. हिरवा सिग्नल लख्ख आला. म्हणजे निदान मेलेली पेशी या किटला ओळखता येते. तुमचंही पार्सल गरम आलं तर भांडणात वेळ घालवण्याआधी हे करा. भांडण नंतरही करता येतं.

किट काय करतं ते थोडक्यात सांगते, कारण आमच्याकडे एम.एस्सी.ला येणाऱ्या मुलांना पाठ असतं पण समजलेलं नसतं. पेशीच्या पापुद्र्याला दोन थर असतात. गोधडीला कसं वरचं कापड आणि आतलं अस्तर, तसं. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं मेद जिवंत पेशीत आतल्या थरात ठेवलेलं असतं, आणि ते बाहेर सरकलं तर आत ओढून घेणारी प्रथिनं सतत राबत असतात. पेशी अपॉप्टोसिसच्या वाटेला लागली की ही राखण थांबते आणि आतलं मेद वर येतं. गोधडी उलटी होते. अ‍ॅनेक्सिन हे प्रथिन त्या मेदाला चिकटतं, पण कॅल्शियम असेल तरच. त्याला हिरवा रंग जोडलेला असतो. पीआय हा दुसरा रंग, लाल. तो पापुद्रा फाटल्याशिवाय आत जात नाही. फक्त हिरवी दिसली ती मरणाच्या वाटेवरची, हिरवी-लाल दोन्ही ती पार गेलेली, आणि काहीच नाही ती धडधाकट. जाता जाता, ते ‘अ‍ॅनेक्सिन व्ही’ नाही, रोमन आकड्यातला पाच आहे. पण अर्धं पुणे ‘व्ही’च म्हणतं, आणि आता मीसुद्धा ऑर्डर देताना ‘व्ही’ म्हणते, नाहीतर समोरच्याला कळत नाही.

आता कागद. मिळमिळीत इंग्रजीत आठ पायऱ्या दिल्यात: पेशी घ्या, धुवा, बफरमध्ये मिसळा, रंग टाका, अंधारात पंधरा मिनिटं, तासाभरात सायटोमीटरवर (एकेक पेशीचा रंग मोजणारं मशीन) वाचा. हे सगळं तरंगणाऱ्या पेशींसाठी ठीक आहे. जुर्कट तरंगते. अस्तराच्या पेशी तरंगत नाहीत, त्या बशीच्या तळाला फरशीसारख्या एकमेकींना खेटून चिकटून बसतात. त्यांना उचलायचं कसं, यावर कागदात एकच ओळ आहे: ‘चिकटणाऱ्या पेशी योग्य पद्धतीने सोडवून घ्याव्यात.’ योग्य पद्धत कुठली ते विचारायला कुणाकडे जायचं?

मुलाने नेहमीच्या ट्रिप्सिन-ईडीटीएने सोडवल्या, म्हणजे चिकटवणारी प्रथिनं कापणारं एन्झाइम आणि कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन. पहिल्याच रनला काहीही न टाकलेल्या पेशींमध्ये पाचातली एक हिरवी. तो घाबरला, ‘ताई, इन्क्युबेटरमध्ये काही झालं का?’ इन्क्युबेटर बिचारा व्यवस्थित होता. दोन भानगडी होत्या. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं की पापुद्रा दुखावतो आणि पेशी न मरताच हिरवी दिसते. आणि ईडीटीए कॅल्शियम गिळतं. ते नीट धुतलं गेलं नाही तर जी खरोखर मरते आहे तिलाही अ‍ॅनेक्सिन चिकटत नाही. एकाच नळीत खोटं पॉझिटिव्ह आणि खोटं निगेटिव्ह, दोन्ही. वर त्याने जुनं मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते द्रव, सिंकमध्ये ओतलं होतं. अरे, मेलेल्या पेशी तळ सोडून त्या मीडियममध्येच तर तरंगत असतात! ज्यांची मोजदाद करायची त्यांनाच मोरीत सोडलं.

तिसऱ्या रनपासून मी स्वतः बसले. मीडियम आधी वेगळ्या नळीत काढून ठेवायचं. पेशी अ‍ॅक्युटेज या सौम्य एन्झाइमने सोडवायच्या, बशीला टपली मारायची नाही, खरवडायचं तर मुळीच नाही. सोडवलेल्या आणि तरंगत्या एकत्र करून हळू फिरवायच्या, दोनदा धुवायच्या, दुसऱ्यांदा किटच्याच बफरने. आणि सायटोमीटरच्या खोलीत ‘फॅक्स बफर’ म्हणून जी बाटली असते तिच्यात ईडीटीए आहे का ते विचारायचं. आमच्याकडच्या बाटलीत होतं. मशीनवर बसणारे दादा म्हणाले, ‘सगळे तेच वापरतात.’ सगळे वापरतात, पण सगळे अ‍ॅनेक्सिन लावत नाहीत. एवढं केल्यावर कंट्रोलमधल्या, म्हणजे काहीही न टाकलेल्या बशीतल्या, हिरव्या पेशी पाच-सहा टक्क्यांवर आल्या. या कागदाला दोन तारे.

बफर कमी पडतो, ही आणखी एक तक्रार. शंभर टेस्ट म्हणतात, पण धुवायला धरलं तर साठाव्या टेस्टला बाटली तळाला जाते. वेगळी बाटली मागवली तर बिल बघून डोळे पांढरे होतात. त्यात काही सोनं नाही: 10 मिलिमोलर हेपेस, 140 मिलिमोलर मीठ, 2.5 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच 7.4. घरी करा, गाळून घ्या, फ्रीजमध्ये ठेवा.

इथपर्यंत गाडं रुळावर आलं आणि मग खरा घोळ झाला. थ्रॉम्बोस्पॉन्डिन टाकलं. काही नाही. मात्रा वाढवली, काही नाही. चोवीस तास, छत्तीस तास, पेशी मजेत. स्टॉरोस्पोरिन टाकलेल्या नळीत मात्र नियमाने मरत होत्या. आम्ही कंपनीच्या टेक्निकल सपोर्टला मेल केला की तुमचं किट हळूहळू सुरू झालेला अपॉप्टोसिस पकडत नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं, ‘कृपया इन्क्युबेशनचा वेळ वाढवून पाहा.’ पेशी कुठल्या, प्रथिन कुठलं, एक प्रश्न नाही.

चूक आमची होती, आणि ती किटच्या फार आधी सुरू झाली होती. आम्ही वापरत होतो हुवेक, म्हणजे नाळेतल्या शिरेच्या पेशी. 1973 मध्ये जॅफी आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली, आणि आजही ती फारशी बदललेली नाही. प्रसूतिगृहातून फोन येतो, आईची संमती घेतलेली असते, मी थंड बफरची बाटली घेऊन जाते. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर. शीर रुंद, भिंत पातळ, बोटाला लगेच कळते. आतलं रक्त धुवायचं, दोन्ही टोकं बांधून कोलॅजिनेज हे अस्तर सुटं करणारं एन्झाइम भरायचं, थोडा वेळ उबेत ठेवायचं, आणि अस्तर सुटून येतं. आमच्या कराडकडे नाळ पुरतात. मी हे काम करते म्हटल्यावर आजी दोन दिवस बोलली नव्हती. असो. या पेशी स्वस्त, देखण्या आणि हाताशी असतात, म्हणून जगभर सगळे त्याच वापरतात. आम्हीही वापरल्या.

थ्रॉम्बोस्पॉन्डिन-1 हे मोठं धूड, तीन सारख्या साखळ्यांचं. प्लेटलेटमध्ये साठवलेलं असतं. नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं, शरीरातलंच असं हे प्रथिन आहे हे 1990 मध्ये नोएल बूक यांच्या गटाने दाखवलं. त्याआधी 1971 मध्ये बोस्टनचे सर्जन ज्यूडा फोकमन यांनी मांडलं होतं की कॅन्सरच्या गाठीला वाढायचं तर तिला नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्याव्याच लागतात, त्या तोडा. तोडायच्या म्हणजे नक्की काय, याचं एक उत्तर 2000 साली शिकागोहून बूक यांच्याच गटाने दिलं: थ्रॉम्बोस्पॉन्डिन अस्तराच्या पेशीवरच्या सीडी36 या खुंटीला धरतं, आतमध्ये फिन नावाचा एन्झाइम जागा होतो, मग पी38 हा निरोप्या आणि कॅस्पेस-3 हे पेशीला आतून कापणारं एन्झाइम ही मंडळी कामाला लागतात, आणि पेशी स्वतःला आवरते.

आणि हुवेकवर सीडी36 जवळजवळ नसतंच! ते असतं बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर. नाळेची शीर ही मोठी वाहिनी. म्हणजे आम्ही महिनाभर खुंटीच नसलेल्या भिंतीवर पिशवी अडकवत होतो आणि पडली की पिशवीला शिव्या देत होतो. हे शोधलं त्या मुलानेच, रात्री दीडला, आणि मेसेज केला, ‘ताई, किट चांगलं आहे.’ सकाळी हुवेकला सीडी36 ची अँटिबॉडी लावून पाहिली. आलेख कंट्रोलवर अगदी बसला, केसाचंही अंतर नाही, म्हणजे सीडी36 नाहीच.

मग त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी मागवल्या. या परदेशातून द्रव नायट्रोजनमध्ये येतात, महाग असतात, आणि त्यांचे नखरे वेगळे. यांना सीडी36 लावलं तर डोंगर सरळ उजवीकडे सरकला. आता होईलच म्हणून थ्रॉम्बोस्पॉन्डिन टाकलं. झालं, पण फारच थोडं. कंट्रोल सहा टक्के, हे नऊ. पोरगं रडायच्या बेतात.

दुसरी चूक माझी. माझी जुनी सवय, प्रयोगाआधी रात्रभर पेशींना ग्रोथ फॅक्टरशिवाय, म्हणजे वाढीचा इशारा देणाऱ्या प्रथिनांशिवाय, उपाशी ठेवायचं, म्हणजे सगळ्या एका रेषेत येतात. बाकी बऱ्याच प्रयोगांना ते चालतं. इथे तेच नडलं, आणि का नडलं हे कळल्यावर मला या सगळ्या विषयाचं पहिल्यांदा खरं कौतुक वाटलं. शिकागोच्याच गटाने 2002 मध्ये दाखवलं की पेशीला वाढीचा इशारा मिळाला की ती वाढायला तर लागतेच, पण त्याच वेळी आपल्या अंगावर फास नावाचा रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारं प्रथिन, चढवते. योगायोगाने आपल्याला ओळखीचा वाटावा असा शब्द आहे, पण मूळ इंग्रजीच. थ्रॉम्बोस्पॉन्डिन त्या पेशीला फासचा जोडीदार, फास लिगँड, बनवायला लावतं. दोन्ही भेटले की मरणाचा हुकूम सुटतो. एकटा फास काही करत नाही, एकटा लिगँडही नाही. म्हणून शरीरात जुन्या, शांत पडलेल्या रक्तवाहिन्या वाचतात आणि नुकत्या फुटणाऱ्या, गाठीच्या हाकेला ओ देणाऱ्या कोवळ्या वाहिन्याच मरतात. वाढीच्या इशाऱ्यानेच मान पुढे करायची आणि मग वरून दोरी यायची. मी पेशींना उपाशी ठेवून त्यांची मानच मागे ओढत होते.

या वेळी बीएफजीएफ हा ग्रोथ फॅक्टर घालून, खाऊपिऊ घालून ठेवल्या आणि मग थ्रॉम्बोस्पॉन्डिन. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटरमधून बशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हाच कळलं. फरशीत फटी पडल्या होत्या. काही पेशी कडांनी सुटून आवळल्या होत्या, आणि एकीवर तर दूध उतू जाताना येतात तसे बुडबुडे येत होते, एक फुगायचा, बसायचा, शेजारी दुसरा फुगायचा. शेजारच्या कंट्रोलच्या बशीत फरशी अखंड. सायटोमीटरवर ठिपके (एक ठिपका म्हणजे एक पेशी) डावीकडच्या खालच्या चौकटीतून उजवीकडे वाहत गेले आणि बरेचसे खालच्याच ओळीत थांबले, हिरवे पण लाल नाहीत. म्हणजे आत्ता मरणाऱ्या, पापुद्रा अजून शाबूत. मशीनवरचे दादा सहसा मोबाइलमधून मान वर काढत नाहीत, ते म्हणाले, ‘हे बरं दिसतंय.’ ज्या बशीत कॅस्पेस अडवणारं झेडव्हॅड घातलं होतं तिथे ठिपके हललेच नाहीत. या दोन नळ्यांच्या जोरावर मी किटला चार तारे देते.

पाचवा का नाही? एक तर वर सांगितलेला बफर. दुसरं म्हणजे हे किट ‘कशी मेली’ हे सांगत नाही, आणि खोक्यावर मात्र ‘अपॉप्टोसिस डिटेक्शन’ असं छातीठोक छापतं. अठ्ठेचाळीस तासांनी बघाल तर सगळ्या पेशी हिरव्या-लाल. त्या पानासारख्या गळल्या की फुटून मेल्या, यातला फरक या किटला कळत नाही. सोबत कॅस्पेस-3 बघावंच लागतं. वेळ ठरवायलाच आमच्या पाच-सहा टेस्ट गेल्या: सहा, बारा, अठरा, चोवीस तास. आम्हाला चोवीस जमला, तुमच्या पेशींना वेगळा लागेल.

एंडोस्टॅटिन या रक्तवाहिन्या अडवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचंही थोडं करून पाहिलं, शेजारच्या गटाकडे उरलेली कुपी होती म्हणून. हे कोलॅजन-18 चं तुटलेलं टोक, 1997 मध्ये फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत ओरायली यांनी शोधलेलं. त्याच्या आधी 1994 मध्ये त्याच जातीचं अँजिओस्टॅटिन, ते गाठ असलेल्या उंदरांच्या लघवीतून आणि रक्तातून. एंडोस्टॅटिन पाण्यात नीट विरघळेना, गुठळ्या झाल्या, निकालात काहीच दम नव्हता. आमची लाज तेवढी नाही. 1998 मध्ये मोठमोठ्या प्रयोगशाळांना फोकमनचे एंडोस्टॅटिनचे प्रयोग जमत नव्हते आणि ते वर्तमानपत्रांत गाजलं होतं. पुढे चीनमध्ये पुढच्या टोकाला नऊ अमिनो आम्लं जोडून केलेलं एंडोस्टॅटिन 2005 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी बाजारात आलं. आमची कुपी मात्र परत शेजारी गेली.

घ्यावं का? तरंगत्या पेशींवर काम असेल तर डोळे झाकून घ्या. अस्तराच्या पेशींवर असेल तर शंभरऐवजी पंचवीस टेस्टचं छोटं किट मिळतं ते आधी घ्या, हात बसू द्या. पेशी लाखाच्या आसपास असतील तर अ‍ॅनेक्सिन कागदात सांगितलंय त्याच्या निम्मं पुरतं, आम्ही शेजारी-शेजारी लावून पाहिलं. पीआय मात्र कमी करू नका. कुपी उघडण्याआधी क्षणभर फिरवून घ्या, थेंब झाकणाला चिकटलेला असतो आणि शेवटच्या पाच टेस्ट तिथेच अडकतात. आणि कुणी सद्हेतूने उणे वीसमध्ये ठेवणार नाही अशा फ्रीजमध्ये ठेवा. आमच्या शिपायाने एकदा ‘महाग आहे म्हणून आत ठेवलं’ होतं.

दुसऱ्या किटची ऑर्डर गेल्या आठवड्यात दिली, त्याच कंपनीची. पुरवठादार बदलला, आणि ऑर्डरच्या खाली मी हाताने लिहिलं आहे: शुक्रवारी पाठवू नये, दिवाळीच्या आठवड्यात पाठवू नये, वॉचमनकडे ठेवू नये. सरांनी त्यावरही सही केली.